दोन खोल्यांची राजधानी

“बसायला एवढं ऐसपैस, आणि पाठीला साधी उशी नाही,” सासूबाई सिंहासनापुढे उभ्या राहून म्हणाल्या. “राजा दिवसभर अवघडून बसत असणार. म्हणून तर उठसूट लढाईला जायचा.”

“आई, हळू. लोक बघतायत,” लेक म्हणाला.

“बघू देत. तिकीट काढून आलेत बिचारे.”

सुनेने नाक मुरडलं. “मला तर बाई इथून हलावंसंच वाटत नाही. काय हे झुंबर, काय ही फरशी! नाहीतर आपलं गाव. बघण्यासारखं काय, तर पाण्याची टाकी.”

“त्याच टाकीच्या पाण्यावर बाळसं धरलंयस हो.”

लेकाने कपाळाला हात लावला. त्याला राजधानीतल्या मोठ्या कचेरीत बदली मिळत होती. हो की नाही, ते सोमवारी साहेबांना सांगायचं होतं. म्हणून तर दोघींना शहर दाखवायला आणलं होतं. एकदा बघितलं की आपणहून ‘चला’ म्हणतील, असा त्याचा होरा. गावातल्या घरी पुढच्या खोलीत बायकोने शिवणकाम सुरू केलं होतं, बरं चाललंही होतं. सासूबाई तिला काजं-बटणं करून द्यायच्या. पण मशीन काय, विकता येतं. इथे आल्यावर बायकोला राणीसारखं ठेवायचं त्याच्या मनात होतं.

राहायला कचेरीची जागा मिळणार होती, दोन खोल्यांची. ती कालच दाखवून झाली होती. “भाकरी थापायला हात उचलला की कोपर शेजारणीच्या घरात,” एवढंच सासूबाई बोलल्या होत्या.

पुढच्या दालनात राजघराण्याचे कपडे होते. लेक पाण्याची बाटली भरून परत आला, तर राणीच्या झग्यापाशी दोघींची डोकी एकत्र. सून काचेवर बोट फिरवत काहीतरी दाखवत होती, सासूबाई चष्मा नाकावर सरकवून मान डोलवत होत्या. लेकाच्या जिवात जीव आला.

“बघा! जमतंय की तुमचं!”

दोघी चटका बसल्यासारख्या बाजूला झाल्या.

“जमतंय कसलं?” सासूबाई म्हणाल्या. “बाहीची चूण कुठली आणि झालर कुठली, ते कळत नाही हिला. आणि म्हणे शिवते.”

“तुम्हाला तरी सुईत दोरा कुठे ओवता येतो? मलाच ओवून द्यावा लागतो.”

दुपारी ते सैनिकांच्या स्मारकाशी गेले. लांबच लांब दगडी भिंत, तिच्यावर नावंच नावं. सासूबाई एका नावाशी थांबल्या. अक्षरं एकेक करून लावली आणि दगडावरून हात फिरवला, झोपलेल्या पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा.

“कुणाकुणाची पोरं,” त्या म्हणाल्या. “घरापासून किती लांब.”

लेक हळूच म्हणाला, “शहर वाईट नाही, आई.”

“वाईट कोण म्हणतंय? देखणं आहे. बघावं, डोळे भरून बघावं, आणि आपल्या घरी जावं.”

“मग राहायला काय होतंय?” सून मध्येच म्हणाली. “मी दुपारची हिंडेन, तुम्ही घर सांभाळा.”

“घर कुठाय? तू आत असलीस तर मी बाहेर, मी आत असले तर तू बाहेर, आणि हा दोघींच्या मध्ये दारात.”

“मध्ये पडदा लावू.”

“तोंडाला लाव तो.”

लोक माना वळवून बघायला लागले. पुतळ्यासारख्या उभ्या असलेल्या पहारेकऱ्याच्या मिशीखालीसुद्धा काहीतरी हललं.

“तुमच्याबरोबर दोन खोल्यांत म्हणजे जन्मठेप आहे, जन्मठेप!” सून ओरडली.

सासूबाईंनी शालीचं टोक डोळ्यांना लावलं. खांदे हलायला लागले. सून दुसरीकडे तोंड करून उभी राहिली.

लेक पायरीवर मटकन बसला. त्याच्या डोळ्यांपुढे त्या दोन खोल्या आल्या, त्यांत हे दोन आवाज, आणि मधोमध आपण.

“पुरे,” तो म्हणाला. “सोमवारी नाही म्हणून सांगतो साहेबांना. गावात निदान तुम्हाला भांडायला अंगण तरी आहे.”

“अहो, पण माझी केवढी हौस होती...”

“हौस पुरे!”

“मी कुठे काय बोलले?” सासूबाई शालीआडून म्हणाल्या.

संध्याकाळी स्टेशनच्या बाकावर दोघी दोन टोकांना बसल्या, मध्ये पिशव्या. लेक चहा आणायला निघाला. निर्णय झाल्यापासून तोही जरा मोकळा दिसत होता. जाता जाता चक्क शीळ घालत होता.

तो गर्दीत दिसेनासा झाला तशी सून पिशव्या ओलांडून सासूला येऊन चिकटली. “आई, लागलं का हो फार? जन्मठेप म्हणायचं आपलं ठरलं नव्हतं. तोंडातून निघूनच गेलं.”

“लागतंय कसलं! हसू फुटलं मला, म्हणून तर तोंड झाकलं,” सासूबाई तिच्या पाठीत धपाटा घालत म्हणाल्या. “सरक, आला बघ तो. तोंड फुगव.”