बिनटाक्याचं ऑपरेशन

वाल्मिकच्या पोटावरचे टाके बघायला निम्मं कडाव गाव येऊन गेलं आणि हिरमुसून परतलं. टाके नव्हतेच.

"तोंडातनं दुर्बीण घातली न् अन्ननळीतली गाठ आतल्या आत सोलून काढली," सुंदरा नवऱ्याची हकिगत सांगायची. "कॅन्सर सुरुवातीचाच व्हता. चिरायची गरज नाय."

शेजारची जना सुस्कारली. "वयनी, आमच्या लडकूमामांना पन चिरलं नवतं. तिसऱ्या दिवशी घरी धाडलं. म्हयनाबी नाय काढला त्यांनी."

वाल्मिक ओटीवर पडून ऐकत होता. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच.

सुंदराचा मात्र डॉक्टरांवर भरवसा. पंधरा दिवस पातळच, असं त्यांनी बजावलं होतं. आतली जखम ओली, कडक घास लागला तर फाटायची. ती पेज फडक्यातून गाळून द्यायची. तो भाकरी न् सुक्या बोंबलासाठी रुसून बसायचा.

"मरनाऱ्याला घास नाय म्हनतेस?"

"मरनारा एवढा भांडत नाय," ती चमचा पुढे करायची.

आठव्या दिवशी प्रवीण, त्यांचा मुलगा, गाठीचा रिपोर्ट आणायला मुंबईला गेला. दुपारी वाल्मिकने तिचा हात धरला.

"आता माझं काय खरं नाय. एक सांगून जातो. भागी पाय घसरून नवती पडली."

भागी त्यांची थोरली. विहिरीच्या त्या शेवाळलेल्या पायरीला सुंदरा दहा वर्षं शिव्या घालत आली होती.

"साजगावच्या पोरासंगं जानार व्हती. मी आडवा गेलो. ऐकंना. मंग माज्याच हातानं..."

सुंदराने पदराने त्याच्या ओठांवरची पेज पुसली. वाटी खाली ठेवली. तेवढ्यात फोन वाजला, तशी ती मागल्या दारी गेली.

"आई, रिपोर्ट आला. सगळी गाठ निघालीय, मागं काय नाय उरलं. बाबा वाचले गं. फकस्त अजून आठवडाभर पातळच दे. नायतर जिवावर बेतंल."

"बरं रं," ती म्हणाली.

तिने चूल पेटवली. तांदळाची भाकरी थापली, निखाऱ्यावर उभी करून कडकडीत होऊ दिली. दोन बोंबील भाजले. ताट त्याच्यापुढे सरकवलं.

ताट बघून वाल्मिकचा चेहरा उतरला. "काय म्हनला प्रवीण?"

सुंदराने भाकरीचा तुकडा मोडला.

"म्हनला, आता मागतील ते खायला घाल."