हळिवाची खीर

"खाई ले उज्ज्वला, गार व्हई जाई," म्हणत उषाबाईंनी खिरीची वाटी सुनेपुढे सरकवली.

वाटी रिकामी होईपर्यंत सासूबाई समोरून हलणार नाहीत, हे उज्ज्वलाला ठाऊक होतं. खिरीमागून बाळंतशेपा, त्यामागून डिंकाचा लाडू. हळिवाने दूध वाढतं, शेपेने ते बाळाला पचतं, हे उषाबाईंचं शास्त्र. आणि बाळ खरंच गुटगुटीत झालं होतं. सुरतेत, उधन्याच्या त्या चाळीत लूमच्या खडखडाटावरही उषाबाईंचं कौतुक ऐकू येई. "सासू असावी तर अशी," शेजारच्या प्रमिलाबाई म्हणायच्या.

उज्ज्वलाला ते कौतुक नकोसं झालं होतं. तिला आपलं दूध आटायला हवं होतं.

मोगऱ्याची फुलं छातीला बांधली की दूध आटतं, असं तिच्या आईने सांगितलं होतं. तिने नवऱ्याला हळूच म्हटलं, "येताना मोगरा आणा ना. गजरा नको, सुटी फुलं."

"आईले काय सांगू?" चेतन गांगरला.

"सांगा, हिला कामावर जायचंय. साड्यांना टिकल्या लावणाऱ्या बाया काय कमी आहेत? माझी जागा जाईल."

त्याने फुलं आणली, पण उषाबाईंनी पुडी हेरलीच. "मना नातूना तोंडनं दूध आटवस का? तुले काही माया से का नही?" त्या कडाडल्या आणि फुलं देवाला वाहून मोकळ्या झाल्या. माया नसती तर बरं झालं असतं, असं उज्ज्वलाला वाटलं.

थोरली जाऊ हर्षदा दारातून बघत होती. तिने बाळ उचलून उज्ज्वलाच्या मांडीवर दिलं. "पोटभर पाज गं त्याला. हात जोडते तुला."

बाळ अधाशासारखं पिऊ लागलं. त्याच्या टाळूवरून हात फिरवल्याशिवाय उज्ज्वलाला राहवेना, आणि त्याचाच तिला राग येत होता.

सव्वा महिन्याने बारसं ठरलं. बाहेरची खोली पाहुण्यांनी भरली. उज्ज्वलाने बाळाला पाजलं, नवं झबलं घातलं, स्वतः हिरवी साडी नेसली. पाळण्याची दोरी आज आपणही ओढायची, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

तेवढ्यात उषाबाई आत आल्या. त्यांनी बाळ तिच्या हातून काढून घेतलं, दारात उभ्या हर्षदाच्या ओटीत घातलं आणि दार ओढून घेता घेता म्हणाल्या, "तू मझारच बठ, बाहेर येऊ नको, उज्ज्वला. जिना सोताना पोऱ्या मरी गया, ती माय हर्षदाना बाळना बारसाले नको."