जुळत नसलेली फाइल

"पुन्हा बिघडली," तेबुरेआ म्हणाला.

बेसो बंदराच्या रेडिओ खोलीत तो सकाळपासून लिनक्सच्या मशीनपुढे डोकं धरून बसला होता. तोरोमोन आणि त्याचे दोन सोबती असलेल्या बेपत्ता बोटीवरून रेडिओवर झालेली सगळी बोलणी एका अवाढव्य फाइलमध्ये साठली होती. ती कॉम्प्रेस करून मुख्य कचेरीला धाडायची, मग बोट बुडाल्याचं जाहीर होणार आणि शोधाचं विमान परत जाणार. बोटीच्या फळ्या सापडल्यापासून त्या चॅनेलवर कान ठेवणंही बंदराच्या ऑफिसनं सोडून दिलं होतं.

तोरोमोनची बायको मेरे शेजारीच बसली होती. "लवकर कर बाबा. सभाघरात दुखवट्याच्या चटया अंथरून ठेवल्यात. कचेरीनं सांगितल्याशिवाय सासू रडायला तयार नाही, आणि ती रडल्याशिवाय मला रडता येत नाही."

"मेरेबाई, मी तरी काय करू? कॉम्प्रेस नीट होते. उघडली की मूळ फाइलशी ठसा जुळत नाही."

"ठसा कसला?"

"फाइलवरून मशीन एक आकडा काढतं. आत एक ठिपका बदलला तरी आकडा वेगळा येतो."

त्यानं डिस्क बदलली, मेमरी तपासली, कॉम्प्रेस करायचा प्रोग्रॅमही दुसरा घेतला. एकदा ठसा चक्क जुळला. खात्रीसाठी सगळं परत केलं, तर पहिले पाढे पंचावन्न. त्याला काही म्हणजे काही उमजेना.

"जिवंतपणी हट्टी, मेल्यावरही तेच," मेरे म्हणाली. "घराबाहेर पाठवायचा म्हटलं की असाच अडून बसायचा मेला."

तेबुरेआनं मग कॉम्प्रेसचा नादच सोडला. नुसत्या मूळ फाइलचा ठसा काढला. थोडं थांबून पुन्हा काढला. दोन्ही वेगळे.

"हिला तर मी हातसुद्धा लावला नाही!"

"मग कोणी लावला?"

"कोणीच नाही. चॅनेलवर आवाज आला तरच हिच्यात भर पडते, एरवी..." त्यानं फाइलचा आकार बघितला; तो वाढला होता.

मेरेनं टेबलावरचे हेडफोन ओढून कानांना लावले. त्यानं फाइल अगदी शेवटाकडून लावली. आधी नुसती खरखर. मग तोरोमोनचा घोगरा, चिडलेला आवाज.

"हॅलो, बेसो! झोपलात की काय सगळे? पावसाचं धरलेलं पाणी संपलं. आम्ही तिघं आहोत अजून."