टोळीची रीत

फासे टाकून खेळायच्या त्या खेळात राक्षस, जादूगार, राजे, सगळी गोष्ट तिचा नवराच रचायचा. "तर मंडळी, या डोंगरातल्या टोळीला ना भाषा, ना रीतभात," तो मित्रांना रंगवून सांगत होता. "दारी आलेल्या पाहुण्याचा सरळ गळा चिरतात!"

"वहिनी, तुम्ही डोंगरातल्याच ना? मग टोळीची राणी तुम्हीच व्हा, नाटकसुद्धा करावं लागणार नाही!" एक मित्र तिला म्हणाला.

नवरा सगळ्यात मोठ्याने हसला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिने आधी सगळ्यांना वाढलं. शेवटचा घास संपल्यावर मात्र दार सताड उघडलं.

"आमच्या डोंगरात पाहुण्याला उपाशीपोटी हाकलत नाहीत. आता जेवलात, चालू लागा."

मित्र खाली मान घालून बूट चढवू लागले. नवरा खुर्चीतच बसून होता.

"तू कसली वाट बघतोयस? तुझंही जेवण झालंय."