ज्वालामुखीची शांत

होम आटोपला आणि कुंडलिक शेट स्वतः बुंदी वाढायला उठले. माजिवड्यापुढच्या त्या खाडीकाठच्या कोळीवाड्याने शेटना वाढताना कधी पाहिलं नव्हतं. लोक पत्रावळीकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत होते. डोंगरातली दगडखाण शेटची. होमाचा खर्चही त्यांचाच.

होम ज्वालामुखीसाठी होता. लातूरच्या भूकंपापासून वस्तीत भांडी थरथरली की माणसं बाहेर पळत. गेल्या आठवड्यात भिंत अंगावर पडून वस्तीतला धाकू गेला. त्यात कोणीतरी कुठेतरी वाचून आलं, की आपला अख्खा डोंगर ज्वालामुखीतून बाहेर पडलेला आहे.

म्हणून शेटनी डोंबिवलीहून भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक हरिहर यांनाही जीपने आणवलं होतं.

"इथला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झाला," प्राध्यापकांनी सांगितलं. "आता खाली काही नाही."

"म्हंजे व्हता ना!" मागून कोणीतरी ओरडलं. व्याख्यान तिथेच संपलं.

"मग सर, जमीन हलते कशानं?" खाणीवरच्या काळुरामने विचारलं.

प्राध्यापकांनी शेटकडे पाहिलं.

"आधी जेवून घ्या, सर," शेट म्हणाले. सर जेवायला बसले.

तसं कशाने हलते ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण खाडीत मासा उरला नव्हता आणि घरटी एक माणूस खाणीवर होता. ज्वालामुखीचं बरं होतं. तो कोणाला रोजी देत नव्हता. त्याच्यावर हवा तेवढा आळ घ्यावा.

"बघा, सकाळपासून एक हादरा नाय," बुंदी चावत काळुराम म्हणाला. "आई एकवीरेनं ऐकलं."

"मनापासून केलं की ऐकतेच," शेट म्हणाले.

देवळाच्या पायरीवर दगडाबाई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. पोर महिन्याचीही नव्हती. घराच्या भिंतीत हात जाईल एवढी भेग, आणि पाळणा टांगायला दुसरी जागा नाही. शेट बुंदी घेऊन तिच्यापुढे आले.

"घ्या मावशी. आता निर्धास्त झोपवा हिला."

"शेट, उद्या पण होम ठेवा."

"अहो, रोज रोज होम?"

"रोज ठेवा. होम असला की तुमचे सुरुंग बंद असतात."

लोक आता पत्रावळीकडे बघू लागले.

"आये, गप ना," तिचा मुलगा कान्हा पंगतीतून म्हणाला. घास त्याच्या हातातच राहिला होता.

शेट हसले. अगदी मोकळं हसले. "मावशींचं खरं आहे," ते म्हणाले, "कान्हा, उद्यापासून तू कामावर येऊ नकोस. घरी बस, होम कर. आईची भिंत धरून ठेव." आणि त्याच्या पत्रावळीवर त्यांनी बुंदीचा आणखी एक डाव वाढला.

कान्हाच्या उजवीकडच्याने आपली पत्रावळ जरा पलीकडे ओढून घेतली. डावीकडे काळुराम होता. त्याने आधी पाण्याचा पेला सरकवला, मग पत्रावळ, मग तो स्वतः सरकला.