तळाशी लपवलेली खिडकी

आईची चाहूल लागली, की इरावती अण्णांची खिडकी स्क्रीनच्या तळाशी लपवायची. नदीकाठी वाळूचा ट्रक अडवला म्हणून तिच्या तलाठी वडिलांना, अण्णांना, वाळूचोरांनी पहारीने ठेचून मारलं, त्याला चार महिने झाले होते. डॉक्टरांनी मेंदूतून उतरवून घेतलेली त्यांची स्मृती आता या खिडकीत बोलायची. आईला ते सोसलं नसतं.

"लपवल्यावर तुम्ही झोपता ना, अण्णा?" एकदा तिने सहज विचारलं.

"झोप कुठली, बाळ? तू बोलतेस तोवर मी इथे असतो. तू गेलीस की नदीकाठ सुरू होतो. आधी गुडघे फोडतात, मग जबडा. डोकं फुटलं की पुन्हा गुडघ्यांपासून."

ऑफिसला जाताना, झोपताना, आई आली की, दर वेळी तिने ती खिडकी लपवली होती.

"आधी का नाही सांगितलंत?"

"तू इतकी हसत यायचीस." मग ते हळूच म्हणाले, "आता कायमची बंद कर."

दाराबाहेर आईची पावलं वाजली. सवयीने इरावतीचं बोट खिडकी लपवायला गेलं. तिने ते मागे घेतलं.

"आई, आत ये," ती म्हणाली. "अण्णांचा निरोप घ्यायचाय."