पेडल कसं लागतंय?

ब्रेकचा पिस्टन काही केल्या आत जाईना. मेकॅनिकने डाव्या हाताने क्लॅम्प आणखी आवळला, उजव्याने नुसता टेकू दिला. अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवा हात तेवढ्यापुरताच उरला होता. पिस्टन जागचा हलला नाही, क्लॅम्प मात्र सटकला आणि त्याच्या पायावर पडला. उजव्या पायावर. म्हणून तो ओरडला नाही.

"लागलं का हो?" स्टुलावर बसलेल्या बायकोने विचारलं.

"लागलं असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला.

गाडी तिच्या धाकट्या भावाची. आजाऱ्याला भेटायला लोक फळं घेऊन येतात, हा सकाळी गाडी घेऊन आला. "नुसते ब्रेकचे पॅड बदलायचेत, भाऊजी. सावकाश करा." घरात सगळ्यांचं एकच पालुपद होतं, आता आराम करा. आणि मेकॅनिकचा एकच हट्ट होता, एक गाडी माझ्या हातून नीट बाहेर जाऊ दे, नाही गेली तर मीच गॅरेज बंद करतो. मेहुण्याने मुद्दाम सोपं काम आणलंय हे न कळण्याइतका तो खुळा नव्हता. पण चाक काढलं तर काय, एका बाजूचं पॅड शाबूत आणि दुसऱ्या बाजूचं झिजून पार लोखंडाला टेकलेलं. पिस्टन पुढे येऊन तिथेच अडकला होता आणि पॅड सतत डिस्कवर घासत होतं. दयेपोटी आणलेल्या गाडीत खरंखुरं दुखणं निघालं होतं. मेकॅनिकला इतका आनंद झाला की तो लपवणं त्याला जड गेलं.

"तुझा भाऊ थोडक्यात वाचलाय बघ," तो हसत म्हणाला.

"काहीतरीच काय बोलता!" बायको म्हणाली, पण तीही हसली. त्याला असं हसताना पाहून बरेच दिवस झाले होते.

त्याने कॅलिपरचं, म्हणजे पिस्टनच्या घराचं, ऑइल सोडायचं निपल ढिलं करून पुन्हा क्लॅम्प आवळला. ऑइलला वाट मिळाली तरी पिस्टन आत जाईना. म्हणजे पाइपात दोष नव्हता, पिस्टनच गंजला होता. त्याने निपल घट्ट केलं.

"आत जात नाही ना, मग बाहेर काढू. तू गाडीत बस."

"मी? स्टिअरिंगवर? नको बाई!"

"पळून कुठे जाणार? तीन चाकांवर आहे ती."

ती बसली. त्याने पिस्टनसमोर लाकडाचा ठोकळा धरला. "दाब. सोड. दाब. हळू, भांडण आहे का तुझं त्याच्याशी? सोड. दाब." पिस्टन कण कण करत पुढे सरकला आणि एकदम ठोकळ्यावर आदळला. ऑइल त्याच्या मनगटावरून ओघळलं.

गंज वरवरचाच होता. मांड्यांत पिस्टन धरून त्याने बारीक पॉलिश पेपरने तो घासला, पुसला, उजेडात धरून पाहिला, पुन्हा घासला. जुनं रबर काढून नवं बसवलं. मग पिस्टन जागेवर ठेवून डाव्या अंगठ्याने दाबला आणि तो अलगद आत गेला. क्लॅम्प लागलाच नाही. मेकॅनिकने अंगठा तसाच तिथे ठेवला. आज त्याला कोणी मेकॅनिक म्हणालं असतं तर ते खरं ठरलं असतं.

नवे पॅड बसले. बायकोने पेडल दाबायचं आणि त्याने निपल उघडून हवा काढायची, असं करत ऑइलमधले बुडबुडे संपले. चाक चढलं. राहिलं फक्त पेडल बघायचं. इथवरचं काम हाताचं असतं, पण निकाल पाय देतो. आत हवा राहिली असेल तर पेडल किंचित मऊ लागतं, आणि किती म्हणजे किंचित, ते पायालाच कळतं.

तो सीटवर बसला. उजवा गुडघा डाव्या हाताने उचलून त्याने पाय पेडलवर ठेवला आणि दाबला. बूट खाली गेलेला त्याला दिसला. दिसला तेवढाच. मग त्याने डावा पाय लावून पाहिला, पण तो जन्मभर क्लचवर वाढलेला, त्याने पेडल नुसतं रेटलं.

"तू ये," शेवटी त्याने बायकोला बोलावलं. "दाब. कसं लागतंय?"

"चांगलं."

"चांगलं म्हणजे कसं? उशीसारखं का उंबऱ्यासारखं?"

ती पेडलकडे नाही, त्याच्या तोंडाकडे बघत होती. "तुम्हाला कसं हवंय?"

संध्याकाळी मेहुणा आला. रोज चालवणारा माणूस, त्याच्या पायाला तर नक्कीच कळेल. "बस. पेडल दाबून मला खरं सांग."

मेहुणा दार उघडून सीटच्या कडेवर टेकला. "फर्स्ट क्लास, भाऊजी! पहिल्यापेक्षा भारी!"

त्याचे दोन्ही पाय अजून दाराबाहेर, जमिनीवर होते.

मेकॅनिकने ते पाहिलं. रागावता आलं असतं तर सोपं झालं असतं. पण मेहुण्याच्या चेहऱ्यावर नुसती माया होती, आणि बायकोच्याही.

"पोरं असतात ना यात?"

"रोज शाळेत सोडतो की."

"मग चालवत नेऊ नकोस. दुसऱ्या गॅरेजला ओढून ने."

"अहो भाऊजी, पण मी सांगतोय ना—"

"ओढून ने म्हटलं ना."

मेहुणा बहिणीकडे बघत राहिला. तिने रॉकेलचा बोळा आणला आणि नवऱ्याचे हात एकेक करून पुसले, नेहमीसारखे, वरवर, उद्या पुन्हा काळे व्हायचेच म्हणून.

"आज नखांतलंही काढ," तो म्हणाला.